तुमचं वेगळं आहे

"मर्केलबाईंनी दारं सताड उघडली आणि तिथून सगळं बिघडलं," आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. मर्केलबाई म्हणजे जर्मनीच्या माजी चॅन्सलर (आपल्याकडच्या पंतप्रधानांसारखं पद) अंगेला मर्केल, आणि दारं उघडली ती २०१५मध्ये, निर्वासितांसाठी. लायप्झिगमधल्या त्यांच्या चिमुकल्या बागेत आम्ही बसलो होतो. इथल्या या भाड्याच्या बागा ज्यांनी पाहिल्यात त्यांना तो थाट सांगायला नको: चार वाफे, एक लाकडी खोपटं, पावसाचं पाणी साठवायचं हिरवं पिंप, आणि कुंपणाची झुडपं किती उंच वाढू द्यायची याचासुद्धा नियम. उन्हाळा सरत आला होता. बाईंनी सकाळीच प्लमचा केक भाजून आणला होता. त्यावर गांधीलमाश्या घोंगावत होत्या आणि बोलता बोलता बाई एकेक माशी चमच्यानं अलगद बाजूला करत होत्या. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असावं, कारण त्या लगेच म्हणाल्या, "तुमचं वेगळं आहे हो. तुम्ही नोकरी करता, कर भरता, आमची भाषा बोलता. मी त्या लोकांबद्दल म्हणतेय." आणि केकचा दुसरा तुकडा त्यांनी माझ्या ताटलीत सरकवला. मी "डांके" म्हणाले. तो केकसाठी होता की त्या वाक्यासाठी, हे मला अजून धड सांगता येत नाही.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आड थोडंसं बरंही वाटलं, आणि तेच जास्त खुपलं.

बाई दुष्ट असत्या तर प्रश्नच नव्हता. घरी येऊन नवऱ्याला सांगून, चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण मी कोविडमध्ये आडवी पडले होते तेव्हा दाराबाहेर बटाट्याच्या सूपचं पातेलं ठेवून बेल वाजवून जाणाऱ्या याच बाई. आणि दुसरं म्हणजे, बाई स्वतः कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतून सीमा ओलांडून पळालेल्या. १९८९च्या उन्हाळ्यात नवरा, चार वर्षांचा मुलगा आणि तंबू त्राबांट गाडीत घालून त्या हंगेरीला निघाल्या, बालाटन तळ्याकाठी सुट्टी घालवायला म्हणून. निदान शेजाऱ्यांना तसं सांगून. शेजाऱ्यांतलं कोण स्टासीला, म्हणजे गुप्त पोलिसांना, काय कळवेल याचा नेम नव्हता, त्यामुळे सासूलासुद्धा खरं सांगितलं नव्हतं. मुलाचं आवडतं लाकडी खेळण्याचं खोकं घरीच ठेवलं, कारण सुट्टीला जाताना एवढं मोठं खोकं कोण नेतं? हे खोक्याचं सांगताना बाई अजूनही क्षणभर थांबतात. पुढचे दिवस त्यांनी बुडापेस्टमधल्या झुगलिगेटमध्ये, चर्चच्या आवारात उभारलेल्या तंबूंमध्ये काढले. सप्टेंबरच्या ११ तारखेला, मध्यरात्र उलटताच, हंगेरीनं पूर्व जर्मनांसाठी सीमा उघडली आणि त्राब्यांची रांग ऑस्ट्रियातून पश्चिम जर्मनीकडे निघाली. जर्मन सीमेवरच्या पासाऊला पोचल्यावर लोक रस्त्याच्या कडेला उभे होते. कुणी केळी दिली, कुणी मुलाला खेळण्यातली गाडी दिली. एका अनोळखी बाईनं त्यांना घट्ट मिठी मारली, तिच्या कोटाला नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास येत होता, हेही बाईंना आठवतं.

मी विचारलं, अगदी जपून विचारलं, की २०१५मध्ये त्याच पासाऊला लोक पोचत होते तेव्हा तुम्हाला काय वाटलं? बाईंनी जरा वेळ घेतला. "आम्ही जर्मनच होतो," त्या म्हणाल्या. "आम्ही एका घरातून त्याच घराच्या दुसऱ्या खोलीत गेलो." हे कायद्यानं खरंच आहे. पश्चिम जर्मनीनं पूर्वेकडच्यांना कधी परके नागरिक मानलंच नव्हतं. पलीकडे पाय पडला की पासपोर्ट हक्काचा. त्यामुळे मला काही बोलता आलं नाही. पण त्यांच्यासाठी ज्यांनी फाटक उघडलं ते हंगेरियन होते, आणि ते काही त्या घरातले नव्हते.

त्या उन्हाळ्यातल्या हंगेरीबद्दल नंतर मी वाचत सुटले. जूनमध्ये हंगेरीचे परराष्ट्रमंत्री ग्युला होर्न आणि ऑस्ट्रियाचे अलोइस मॉक हातात कात्र्या घेऊन काटेरी तार कापताना दिसतात, तो फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. खरं तर तार आधीच बरीचशी काढून झाली होती, फोटोपुरती थोडी शोधावी लागली म्हणतात. १९ ऑगस्टला शोप्रोन गावाजवळ 'पॅन-युरोपियन पिकनिक' झाली. सीमेवरचं एक लाकडी फाटक तीन तासांपुरतं उघडायचं, दोन्हीकडच्या लोकांनी खायचं-प्यायचं, बँड वाजवायचा, असा बेत. पण सहाशेच्या आसपास पूर्व जर्मन धावत आले आणि फाटक ढकलून पलीकडे गेले. तिथल्या पहाऱ्याचा प्रमुख आर्पाद बेल्ला याच्याकडे पिस्तूल होतं आणि गोळी घालण्याचा अधिकारही. त्यानं आपल्या माणसांना पाठ फिरवायला लावली आणि समोरून येणाऱ्या ऑस्ट्रियन लोकांचे पासपोर्ट तो मन लावून तपासत बसला. कानाडोळा करणं ही एवढी मोठी गोष्ट असू शकते, हे मला त्याच्यावरून कळलं. त्याच वर्षी १६ जूनला बुडापेस्टच्या हीरोज स्क्वेअरमध्ये एका दाढीवाल्या तरुणानं सोव्हिएत सैन्यानं चालतं व्हावं असं भाषण ठोकलं होतं. त्याचं नाव व्हिक्टर ऑर्बान. २०१५मध्ये सर्बियाच्या सीमेवर १७५ किलोमीटरचं कुंपण घालणारा पंतप्रधान तो हाच.

मर्केलबाईंकडे यायचं तर त्यांच्या लहानपणाकडून यावं लागतं. १३ ऑगस्ट १९६१, रविवार. बर्लिनमध्ये रातोरात भिंतीची सुरुवात झाली तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. वडील टेंप्लिनला पाद्री. दोनच दिवस आधी बव्हेरियातल्या सहलीवरून परतताना वडलांना जंगलात काटेरी तारेची भेंडोळी रचलेली दिसली होती आणि काहीतरी शिजतंय हे त्यांनी ओळखलं होतं. त्या रविवारी चर्चमध्ये माणसं रडत होती, ही आठवण मर्केल यांनी अनेकदा सांगितलीय. मग अठ्ठावीस वर्षं भिंतीच्या अलीकडे: शाळा, भौतिकशास्त्र, डॉक्टरेट, बर्लिनच्या विज्ञान अकादमीत नोकरी. ९ नोव्हेंबर १९८९ला भिंत उघडली तो गुरुवार होता, आणि गुरुवारी मैत्रिणीबरोबर सॉनाला जायचं हा त्यांचा शिरस्ता. त्या सॉनाला गेल्या. बाहेर आल्यावर गर्दीबरोबर बोर्नहोल्मर रस्त्याचा पूल ओलांडून पश्चिम बर्लिनमध्ये शिरल्या, कुणा अनोळखी लोकांच्या घरी कॅनमधली बिअर प्यायल्या आणि सकाळी कामावर जायचंय म्हणून घरी परतल्या. जग बदललं त्या रात्री बाईंना उद्याच्या हजेरीची काळजी. त्यांच्याबद्दल मला जे काही प्रेम आहे, त्यातलं निम्मं या तपशिलामुळे आहे.

अशा बाईच्या मनात सीमेबद्दल काय असेल याचे दोन सोपे अंदाज बांधले जातात, आणि दोन्ही मला पटत नाहीत. एक म्हणजे भिंतीआड वाढलेली बाई, तिला कुंपण सहन होत नाही, म्हणून तिनं दारं उघडली. दुसरा आमच्या शेजारीणबाईंचा: तिनं देश विकला. याच मर्केल २०१०मध्ये पॉट्सडॅमला पक्षाच्या तरुणांपुढे म्हणाल्या होत्या की बहुसांस्कृतिक समाजाचा प्रयोग फसलाय, साफ फसलाय. जुलै २०१५मध्ये रॉस्टॉकला एका शाळकरी पॅलेस्टिनी मुलीला त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं की सगळ्यांनाच आम्हाला ठेवून घेता येणार नाही, काहींना परत जावं लागेल. मुलगी रडायला लागली. मर्केल उठून तिच्याजवळ गेल्या आणि अवघडल्यासारख्या तिला थोपटत राहिल्या. देशभर टिंगल झाली. मला मात्र ती क्लिप बघताना दर वेळी वाटतं की त्या थोपटण्यात सगळं आलं. नियम बदलणार नाही, पण तू रडू नकोस.

त्यानंतर दीड महिन्यानं, २७ ऑगस्टला, ऑस्ट्रियात पार्नडॉर्फजवळ महामार्गाच्या कडेला एक शीतगृहाचा ट्रक बेवारस सापडला. आत ७१ माणसं गुदमरून मेलेली, त्यांत चार मुलं. ट्रक हंगेरीतून आला होता. नकाशा काढून बघा: हे ठिकाण आणि त्या पिकनिकचं फाटक एकाच तळ्याच्या दोन अंगांना आहेत, गाडीनं तासाभराच्या आत. त्या दिवशी मर्केल व्हिएन्नातच होत्या, बाल्कन देशांच्या नेत्यांबरोबर बैठकीत. चार दिवसांनी बर्लिनच्या पत्रकार परिषदेत त्या म्हणाल्या की जर्मनी भक्कम देश आहे, आपण इतकं काही जमवलंय, हेही जमेल. नंतरच्या आठवड्यात बुडापेस्टच्या केलेटी स्टेशनावर अडकलेले लोक वैतागून महामार्गावरून पायीच ऑस्ट्रियाकडे चालू लागले, आणि ४ सप्टेंबरच्या रात्री मर्केल आणि ऑस्ट्रियाचे चॅन्सलर फायमान यांनी त्यांना येऊ द्यायचं ठरवलं. 'दारं उघडली' असं सगळे म्हणतात. पण दार शेंगेन करारानं, म्हणजे युरोपातल्या आतल्या सीमांवरची तपासणी उठवणाऱ्या करारानं, आधीच उघडं होतं. बाईंनी ते लावलं नाही, एवढंच.

मी तेव्हा पुण्यात होते. सदाशिव पेठेतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात, डगमगत्या पंख्याखाली, विभक्ती प्रत्ययांच्या घोळात अडकले होते. जर्मन शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी एके दिवशी पुस्तक मिटलं आणि लॅपटॉपवर म्युनिक स्टेशनाची दृश्यं लावली. गाडीतून थकलेली माणसं उतरताहेत आणि दोरीपलीकडचे जर्मन टाळ्या वाजवताहेत, पाण्याच्या बाटल्या, टेडी बेअर पुढे करताहेत. वर्गातल्या एकानं विचारलं, "मॅडम, यांना व्हिसा लागत नाही?" सगळे हसले, मीही. त्या हसण्यात थोडा हेवा होता. आम्ही डिग्रीचे अटेस्टेशन, बँकेतली शिल्लक, तारखेसाठी पहाटे वेबसाइट रिफ्रेश करणं यांत गळ्यापर्यंत बुडालेलो, आणि हे बघा, टाळ्यांच्या गजरात. ते कुठून कसे आलेत, रबरी नावेत किती जण होते, याचा विचार वर्ग सुटल्यावर चहा घेताना आला असेल-नसेल.

म्युनिकच्या टाळ्या फार दिवस टिकल्या नाहीत. १३ सप्टेंबरला जर्मनीनं ऑस्ट्रियाच्या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली. तात्पुरती, असं म्हणाले. त्या वर्षी सुमारे ८ लाख ९० हजार लोक आसरा मागायला आले. मर्केल यांनी टीव्हीवर सांगितलं की देशाला ३ हजार किलोमीटरची भूसीमा आहे, तिला काय कुंपण घालायचं? आणि आणीबाणीत आपण हसरा चेहरा दाखवला म्हणून आता माफी मागायची असेल तर हा माझा देश नव्हे, असंही एकदा म्हणाल्या. इतकं उघड्यावर त्या क्वचितच बोलत. मग नववर्षाच्या रात्री कोलोन स्टेशनाबाहेर बायकांवर हल्ले झाले आणि वारं फिरलं. त्या रात्रीबद्दल बाईमाणूस म्हणून मला राग आहे आणि तो झाकायचं मला कारण दिसत नाही. हल्लेखोरांत बरेच स्थलांतरित होते हे सांगायला सुरुवातीला यंत्रणा चाचरत राहिल्या. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं खोटं बोलणाऱ्यांनाही लोक खरं मानू लागले.

युरोपच्या एकीबद्दल मात्र मर्केलबाईंशी माझं भांडण आहे. डब्लिनच्या नियमाप्रमाणे माणूस युरोपियन युनियनमध्ये जिथे पहिलं पाऊल ठेवेल त्या देशानं त्याचा अर्ज बघायचा. म्हणजे ग्रीस आणि इटलीच्या गळ्यात घोंगडं, आणि चहूबाजूंनी शेजाऱ्यांनी वेढलेला जर्मनी मस्त मधोमध. २०१३च्या ऑक्टोबरात इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ साडेतीनशेवर माणसं बुडाली तेव्हाही बर्लिनला हा नियम बदलायची निकड वाटली नव्हती. पाणी स्वतःच्या उंबऱ्याशी आलं तेव्हा एकी आठवली. सप्टेंबर २०१५मध्ये १ लाख ६० हजार लोक सगळ्यांनी वाटून घ्यायचे ठरले. हंगेरी, चेकिया, स्लोव्हाकिया आणि रुमेनिया यांचा विरोध मतांच्या जोरावर डावलून. प्रत्यक्षात वाटून घेतले गेले ३५ हजारांच्या आसपास. कुणाला वर्षानुवर्षं एकटं पाडायचं आणि मग बहुमतानं भाऊबंदकी लादायची, हे गावकीत चालत नाही, ब्रुसेल्समध्ये तरी कसं चालावं?

पण एका बाबतीत बाई शेवटपर्यंत हलल्या नाहीत. सीमेवर जे करायचं ते मिळून करायचं, एकेकट्यानं नाही. जर्मनीनं फाटक लावलं की ऑस्ट्रिया लावणार, मग स्लोव्हेनिया, आणि शेवटी सगळे ग्रीसमध्ये कोंडले जाणार. २०१६च्या सुरुवातीला बाल्कनमधल्या देशांनी तेच केलं आणि ग्रीसच्या सीमेवरच्या इडोमेनीच्या चिखलात हजारो लोक तंबूंत अडकले. बाई म्हणत होत्या, ग्रीसला युरोत ठेवायला एवढा आटापिटा केला तो असं वाऱ्यावर सोडायला नाही. आणि मार्चमध्ये त्यांनी तुर्कस्तानशी करार घडवला: लोक तिकडेच अडवा, ६ अब्ज युरो घ्या. एखाद्या वाड्यात माणसांनी आतल्या खोल्यांची दारं दिवसरात्र उघडी ठेवायची तर दिंडी दरवाजावर कुणीतरी दांडकं घेऊन बसायला लागतं. बाईंनी तो पहारेकरी वाड्याबाहेरचा नेमला, म्हणजे दांडकं कुणावर पडतं ते आतून दिसत नाही. ग्रीसच्या लेस्बॉस बेटावरची मोरिया छावणी तीन हजार लोकांसाठी होती. २०२०च्या सप्टेंबरात ती जळली तेव्हा तिथे बारा हजारांहून जास्त राहत होते. हसऱ्या चेहऱ्याचा तो हिशेब होता आणि तोही मर्केलबाईंच्याच वहीत लिहिलेला आहे.

त्याच वाड्याच्या मोठ्या दरवाज्यात एक छोटी दिंडी असते. ब्लू कार्डवाले, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा परवाना मिळालेले, आम्ही त्यातून वाकून आत आलो. पगाराचा आकडा, डिग्रीचा कागद, बँकेचं पत्र दाखवून. वाकावं लागलं याचा राग धरावा, की दिंडी आपल्यासाठी उघडली याचा माज करावा, हे आमच्यातल्या पुष्कळांचं ठरत नाही.

प्रागहून परत येताना हे मला फार जवळून दिसतं. गाडी एल्बे नदीच्या काठाकाठानं येते, दोन्ही बाजूंना वाळूच्या दगडाचे उभे कडे, सगळा डबा खिडक्यांना नाक लावून बसलेला. सीमेवरच्या बाड शांडाऊला पोलीस चढतात. २०२४च्या सप्टेंबरपासून जर्मनीच्या सगळ्याच भूसीमांवर तपासणी चालू झाली. मला कुणी कार्ड मागायच्या आत मी ते पर्समधून काढून मांडीवर ठेवलेलं असतं, फोटोची बाजू वर करून. मागच्या खेपेला समोरच्या सीटवर विशीतला एक मुलगा होता. दाढी नुकती कोरलेली, पायांत नवे कोरे पांढरे बूट, लेबलाची चिकटपट्टी अजून टाचेला. पोलीस माझ्या कार्डाकडे ओझरतं बघून, छान हसून पुढे गेला. त्या मुलाचा कागद त्यानं दोनदा उलटसुलट केला, हातातल्या यंत्रावर ठेवला आणि मग त्याला सौम्यपणे उतरायला सांगितलं. काही आरडाओरडा नाही. मुलानं सीटखालून पिशवी ओढली आणि माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असावं, ही आपल्यातली. मी नदीकडे बघायला लागले.

२०२५च्या गणपतीला भाड्याच्या हॉलमध्ये आरती झाल्यावर, फ्रीजरमधून निघालेले मोदक वाफवून होईस्तोवर, हाच विषय निघाला. ड्रेस्डेनचा एक मुलगा सांगत होता की ट्राममध्ये हल्ली शेजारची सीट रिकामी राहते. त्या वर्षी फेब्रुवारीतल्या निवडणुकीत स्थलांतरितांच्या विरोधातल्या एएफडी पक्षाला २०.८ टक्के मतं पडली, आमच्या सॅक्सनीत तर तो पहिला पक्ष. "हे सगळं त्या लोंढ्यांमुळे," दुसरा एक म्हणाला, "त्यांच्यामुळे आपल्याकडेही तसंच बघतात. आपण लायनीत उभं राहून आलो." माना डोलल्या. तेवढ्यात लेकीकडे आलेल्या डोंबिवलीच्या एक काकू, पदरानं हात पुसत, म्हणाल्या, "अरे, आमच्या लोकलमध्ये अगदी हेच बोलतात. फक्त तिकडे तुम्ही बोलणाऱ्यांत असता." क्षणभर हशा झाला, मग जरा अवघडलेली शांतता, मग कुणीतरी तूप कुठंय म्हणून विचारलं. काकूंचा जावई दिवसभर त्यांच्याशी जरा तुटकच वागत होता.

आम्ही नवराबायकोनं नागरिकत्वाचा अर्ज भरलाय. आता पाच वर्षांत मिळतं आणि जर्मनीला दुसऱ्या पासपोर्टचं वावडं उरलेलं नाही. भारताला आहे, त्यामुळे निळा पासपोर्ट परत करावा लागेल. आई अजून फोनवर या विषयाला बगल देते. मत कुणाला देशील, असं काकूंनीच मला विचारलं होतं. मी मर्केलबाईंचं नाव घेतलं तर त्या म्हणाल्या, त्या तर केव्हाच घरी बसल्या ना? घरी बसल्यात खऱ्या, पण गप्प नाहीत. २०२५च्या जानेवारीत त्यांच्याच पक्षाच्या फ्रीडरिश मेर्त्स यांनी सीमेवरून लोकांना माघारी पाठवायचा ठराव एएफडीच्या मतांनी मंजूर करून घेतला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी बाईंनी हे चुकलं असं निवेदन काढलं. मेर्त्स तरीही चॅन्सलर झाले आणि मे महिन्यात सीमेवरून परत पाठवणं सुरूही झालं. लेस्बॉसचं मी विसरलेले नाही, पण आजच्या सगळ्या पुढाऱ्यांत मला अजूनही त्याच बऱ्या वाटतात. त्यांच्या पक्षाला मात्र माझं मत जाणार नाही. तसंही त्या पक्षाला आता मर्केलबाईच नकोशा झाल्यात, मग त्यांच्यावर जीव असणाऱ्या मतदारांचं तो काय करणार?